चार नंबरचा पाय

दुकानात तिला सगळे सँपलताई म्हणत. यात टिंगल किती आणि मान किती, हे म्हणणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

चपला-बुटांच्या कंपन्यांचे एजंट नवे नमुने घेऊन येतात, ते बायकांच्या चार नंबरातच येतात. कुणीतरी कधीतरी तसं ठरवून टाकलेलं आहे. थोरल्या मालकांनी तिला कामावर घेतलं तेव्हा तिचं शिक्षण विचारलं, अक्षर पाहिलं, मग कागद बाजूला सारून टेबलाखाली वाकून तिचे पाय पाहिले. "किती नंबर?" "चार." "सोमवारपासून ये," ते म्हणाले. बरोबर आलेल्या तिच्या वडिलांना हा माणूस जरा विचित्र वाटला. पण पगार ठीक होता.

तेव्हापासून एजंट आला की दुकानातलं लाल जाजम झटकलं जाई. आरशापासून दारापर्यंत आणि परत, असं ती प्रत्येक जोड घालून चाले. चवड्यांवर उभी राही, उकिडवी बसे, उठे, आणि मग एकच शब्द बोले. पास, नाहीतर नापास. कारण ती कधी सांगत नसे आणि थोरले मालक कधी विचारत नसत. ती पास म्हणाली की तो माल सगळ्या नंबरांत मागवला जाई. नापास म्हणाली की एजंट कितीही हातापाया पडो, त्याची पेटी बंद.

म्हणजे बायकांच्या विभागात जे काही विकलं जाई, ते आधी तिच्या पायातून गेलेलं असे. रस्त्याने जाताना ती कुणाच्या तोंडाकडे पाहत नसे. ओळखीच्या बायका त्यामुळे तिला शिष्ट समजत. ती पाही पायांकडे, आणि अर्धा बाजार आपल्या पसंतीवर चालतोय, हे पाहून समाधानाने घरी जाई. तिच्या संसारात तिला विचारून फारसं काही झालेलं नव्हतं. घर नवऱ्याने पाहिलं, मुलीने आपलं लग्न आपण ठरवलं आणि ती दूरदेशी गेली, स्वयंपाकघरातल्या फरशीचा रंगसुद्धा नणंदेने पसंत केला. जाजमावर मात्र तिचा शब्द शेवटचा.

पाय मात्र चारचा राहिला नव्हता. निमुळत्या टोकाचे बूट वर्षानुवर्षं घालून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं, अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसला आणि पाऊल पसरत गेलं. ती चारचेच घालत राहिली. थोरले मालक गेले, धाकटे मालक आले, जाजम नवं झालं, ती चारचेच घालत राहिली. संध्याकाळी घरी आली की दारातच बूट काढी आणि थोडा वेळ कुणाशी बोलत नसे. नवऱ्याला वाटे, दुकानात भांडण झालं असेल.

शेवटी हाड इतकं वाढलं की ऑपरेशन ठरलं. तिने डॉक्टरला एकच प्रश्न विचारला.

"मग नंबर परत चार येईल ना?"

"कसला नंबर?"

"बुटाचा."

डॉक्टरने चष्मा वर केला. "हाड सरळ होईल. पाय आहे तेवढाच राहणार. आम्ही पाय तासून लहान करत नाही, बाई. पुढे रुंद तोंडाचं काहीतरी घाला."

त्यातलं पहिलं वाक्य तिने ऐकलं. बाकीचं ऐकायची तिला गरज वाटली नाही.

नवरा एका मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं बांधून निवृत्त झालेला. टोचा, मेणदोरा, खळ, कातड्याचे तुकडे, जाड पुठ्ठे, दाबायचा लोखंडी प्रेस, हे सगळं त्याने येताना घरी आणलं होतं आणि जेवणाच्या टेबलाचं निम्मं राज्य काबीज केलं होतं. बोलायचा कमी. बोलायचा तेव्हा पुस्तकाबद्दल बोलावं तसं बोलायचा.

ऑपरेशननंतर तिला दवाखान्यातून एक पट्ट्यांचा बूट मिळाला. तळ लाकडासारखा ताठ, सगळा भार टाचेवर. तो चांगला उंच होता आणि दुसऱ्या पायात तिची घरातली सपाट सपात. त्यामुळे ती चालायला लागली की एका बाजूला कलायची, आणि आठवड्याभरात पाय राहिला बाजूला, कंबरच धरली.

"पाठ तिरकी झालीये," नवरा तिच्याकडे बघत म्हणाला. त्याने सपात उचलली, पुठ्ठ्याचे तीन थर कापले, खळीने चिकटवले, रात्रभर प्रेसमध्ये दाबले, खाली रबर लावलं, वरून हिरवं कापड चढवलं आणि कडा सुबक मुडपल्या. दोन्ही पायांची उंची सारखी झाली. कंबर सुटली.

"पुस्तकाचं नाव छापायचं राहिलं की रे पाठीवर," नणंद म्हणाली.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वहिनीचं करायला म्हणून ती राहायला आली होती. करत होती खूप, पण मोबदला तोंडाने वसूल करत होती. तिच्या स्वतःच्या पायात भावाच्या जुन्या मोठ्या चपला असत. त्यांचे पट्टे तिने दोऱ्याने शिवलेले होते. बाजारातही ती त्याच घालून जाई.

"वन्सं, निदान बाहेर जाताना तरी बायकांच्या घाला," सँपलताई पलंगावरून म्हणे.

"का? चपलेला कळतं का आत बाई आहे का बुवा?"

"लोकांना कळतं."

"लोकांना माझे पाय बघायला फार वेळ आहे, असं दिसतंय. तुझ्यासारखे रिकामटेकडे सगळेच नसतात, वहिनी."

पट्ट्यांचा बूट सुटला तेव्हा तिने कपाटातून आपला काळा, बंदांचा, चार नंबरचा बूट काढला आणि नवऱ्यासमोर ठेवला. "हा मला झाला पाहिजे."

नवऱ्याने बूट पाहिला. पाय पाहिला. पाय अजून सुजलेला होता, अंगठा मात्र शहाण्या मुलासारखा सरळ. "हा सहाचा पाय दिसतोय."

"सूज आहे."

"सूज उतरून साडेपाच."

"चारचा आहे. तुम्ही तुमचं काम करा."

त्याने काम केलं. आतली जाड गादी काढली आणि पातळ कातडं घातलं, तेवढी उंची सुटली. व्रणावर जिथे आतली शिवण घासत होती, तिथे पुस्तकाच्या कोपऱ्यांना लावायचं मऊ कातडं चिकटवलं. हाडावरचं बंदाचं भोक रिकामं सोडून बंद पुढच्यातून ओवला, म्हणजे तिथे आवळ बसायला नको. साधा बंद काढून इलॅस्टिकचा घातला. पाय शिरायला लांब दांड्याचं शिंगटं आणलं. प्रत्येक सुधारणेनंतर ती बूट घालून खोलीभर चाले आणि तोंड घट्ट मिटून परत येई.

"झाला का?" नणंद विचारी.

"झाला."

"मग डोळ्यात पाणी कशाचं? आनंदाचं?"

शेवटी नवऱ्याने अंगठ्याच्या मुळाशी बूट कापला. सरळ एक खिडकी काढली आणि तिच्यावर आतून काळं, ताणणारं कापड लावून कडा अशा बेमालूम बसवल्या की बाहेरून बूट अखंड दिसावा. टाच जितकी मागे तितकी अंगठ्याला जागा, म्हणून मागची शिवण उसवून तीही वाढवली. आता त्या बुटात चार नंबरचं असं फारसं काही उरलं नव्हतं. तळव्यावरचा आकडा तेवढा होता.

"इतकं करण्यापेक्षा मोठा आणला असता तर?" तो म्हणाला.

"मोठा घालून मी जाजमावर कशी जाऊ?"

हे मात्र त्याच्या लक्षात आलं. कडेला निघालेलं सूत त्याने कात्रीने कापून टाकलं.

दुकानात ती परत गेली त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि धाकट्या मालकांनी तिला बसायला खुर्ची दिली. खुर्चीच तिला खटकली. विक्रेत्याला दुकानात खुर्ची नसते, तिरक्या पाटीचं बुटकं स्टूल असतं, आणि तेही गिऱ्हाइकाचा पाय ठेवायला.

तिच्या गैरहजेरीत ठेवलेली एक मुलगी होती. नाव पाठ व्हायच्या आतच तिला सगळे नवी म्हणायला लागले होते. शिडीवर सरसर चढायची, खोके अचूक काढायची, गिऱ्हाइकाशी गोड बोलायची. सँपलताईने सवयीने खाली पाहिलं. चार. तसूभरही कमीजास्त नाही, अगदी साच्यातून काढल्यासारखा चार.

"ताई," धाकटे मालक म्हणाले, "बॅगवाले येणार आहेत पुढच्या आठवड्यात. तुम्ही दगदग करू नका. या खेपेला नवी चालून बघेल. तुम्ही शेजारी बसा."

"का? माझा पाय कापून ठेवला का दवाखान्यात?"

"तसं नाही..."

"मग मी चालीन."

धाकटे मालक सभ्य माणूस. वडिलांच्या वेळच्या माणसांशी वाद घालायला त्यांना संकोच वाटे. ते म्हणाले, "बघू. चालता आलं तर तुम्हीच. नाही जमलं तर पुढे कायमचं नवीला शिकवून ठेवा."

कायमचं हा शब्द ते सहज बोलून गेले. ती तो शब्द घरी घेऊन गेली.

बॅगवाले म्हणजे सगळ्यात जुने एजंट. दोन मोठ्या बॅगा घेऊन ते गावोगाव फिरत. त्यांची पद्धत अशी की आदल्या दिवशी दुपारी येऊन बॅगा दुकानात ठेवायच्या, बाजारात इतर कामं उरकायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने दाखवायचे. बॅगांची किल्ली ते विश्वासाने सँपलताईकडे देत. दुसऱ्या कुणाकडे नाही. याही खेपेला त्यांनी ती तिच्याच हातात ठेवली.

"बरं वाटलं बघा तुम्हाला उभं बघून," ते म्हणाले. "पाय म्हणजे काय, माणसाची इस्टेट."

त्या संध्याकाळी दुकान आवरताना तिने बॅग उघडली. बायकांचे चार जोड होते. तीन तिने घालूनच पाहिले नाहीत. त्यांची टोकं इतकी निमुळती होती की ते तब्येत धडधाकट असतानाही नापास झाले असते. चौथा तपकिरी, बिनबंदाचा, देखणा. हातात घेतल्यावर तिला तो आवडला. पायात घ्यायला गेली तर अंगठ्याच्या मुळाशी अडला तो अडलाच.

दुकानाच्या मागच्या बाजूला लाकडी पावलं होती. दोन फळ्यांचं पाऊल, टाचेला पिळायचा दांडा. बुटात घालून दांडा पिळला की फळ्या फाकतात आणि कातडं ताणतं. हाड आलेल्या गिऱ्हाइकासाठी त्या पावलाला नेमक्या जागी एक लाकडी गाठही बसवता येते. असे कितीतरी जोड तिने गिऱ्हाइकांना ताणून दिले होते. हेही तिने तितक्याच सवयीने केलं. आतून पाण्याचा आणि स्पिरिटचा फवारा मारला, गाठ बसवली, दांडा पिळला, पुन्हा थोडा पिळला, आणि डावा राहील कसा म्हणून त्यालाही दुसरं पाऊल घातलं.

जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "ओलं कातडं ताणून ठेवलं तर परत आवळतं का हो?"

"वाळेपर्यंत ताणलेलं राहिलं तर नाही आवळत." त्याने घास खाली ठेवला. "कुणाचं कातडं?"

"असंच विचारलं."

"असंच कातडं कुणी ताणत नाही," नवरा म्हणाला आणि जेवायला लागला.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली, पावलं काढली, आतले कागद पुन्हा चुरगळून भरले, बॅग लावली. बॅगवाले आले, धाकटे मालक आले, जाजम झटकलं गेलं. नवी शिडीपाशी उभी राहून बघत होती. पहिले तीन जोड सँपलताईने हातात घेऊन खाली ठेवले. "नापास." हे तिच्या लौकिकाला धरूनच झालं. मग तिने तपकिरी जोड पायात घातला.

पाय आत गेला. व्रणाला काही टोचलं नाही, अंगठ्याला काही अडलं नाही. ती आरशापासून दारापर्यंत गेली आणि परत आली. मग कुणी सांगितलं नसताना आणखी एकदा गेली. कितीतरी वर्षांत तिच्या पायाला कुठलाच बूट असा लागला नव्हता. चवड्यांवर उभी राहिली. उकिडवी बसून उठली. आणि त्या सुखात तिला इतका विसर पडला की काल संध्याकाळी आपण या बुटाचं जे केलं, ते जणू कुणी दुसऱ्याच बाईने केलेलं होतं.

"पास," ती म्हणाली. मग आयुष्यात पहिल्यांदा पुढे एक वाक्य जोडलं. "असा मऊ जोड मी बघितला नाही."

बॅगवाल्यांनी धाकट्या मालकांकडे पाहिलं. धाकट्या मालकांनी बॅगवाल्यांकडे पाहिलं. सँपलताईने कारण दिलं होतं! माल सगळ्या नंबरांत आणि तिन्ही रंगांत मागवला गेला, तोही नेहमीपेक्षा दुप्पट.

माल आला तेव्हा तो नमुन्याशी ताडून बघायचा असतो. पास झालेला नमुना दुकानातच राहतो तो त्यासाठीच. ताडायचं काम तिचं. तिने एक जोड उघडला, आत हात घातला आणि झाकण लावून टाकलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं होतं. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि खोके शिडीवर चढायला लागले.

जोड खपले पण जोरात. सँपलताई स्वतः गिऱ्हाइकांना सांगे म्हटल्यावर खपणारच. आणि मग ते परत यायला लागले. एक शिक्षिका आली, एक नर्स आली, दोघी बहिणी एकाच रंगाचे घेऊन गेलेल्या, त्या एकदमच आल्या. प्रत्येकीच्या पायावर त्याच जागी लाल डाग. अंगठ्याच्या मुळाशी.

"तुम्ही म्हणालात म्हणून घेतले हो," नर्स म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मला वाटलं माझाच पाय वाईट."

"ठेवून जा. दोन दिवसांत देते."

ती लवकर यायला लागली, उशिरा जायला लागली. लाकडी पावलं दोनच, आणि परत आलेल्या जोडांची रांग मागच्या भिंतीला लागून वाढत चाललेली. तिने नवऱ्याच्या प्रेसमध्येसुद्धा एक जोड दाबून पाहिला. तो पुस्तकासारखा चपटा होऊन बाहेर आला.

"सगळ्या गावाचे पाय तूच ताणणार का, वहिनी?" नणंदेने विचारलं. ती आता परत जायला निघाली होती, पण हे प्रकरण सुरू झाल्यावर तिने मुक्काम लांबवला होता.

"वन्सं, तुम्ही गप्प बसा."

"मी गप्पच आहे. तुझेच बूट बोलतायत."

धाकट्या मालकांच्या लक्षात भिंत आलीच. त्यांनी बॅगवाल्यांना बोलावून घेतलं. टेबलावर एका बाजूला दुकानातला नमुना, दुसऱ्या बाजूला परत आलेला चार नंबरचा जोड. मध्ये बॅगवाले, आणि भिंतीशी सँपलताई उभी.

"नमुना लोण्यासारखा आणि माल लाकडासारखा," धाकटे मालक म्हणाले. त्यांना राग आला की त्यांचा आवाज बारीक होई. आत्ता जेमतेम ऐकू येत होता. "आमच्या वडिलांपासूनचा तुमचा संबंध. म्हणून शांतपणे सांगतो. यापुढे येऊ नका."

"मालक, साचा एकच आहे. कातडं एकच आहे."

"मग हा इथे फुगलेला कसा?"

बॅगवाल्यांनी नमुना उचलला, उजेडात धरला, बोट आत घालून फिरवलं. त्यांचं बोट नेमक्या जागी थांबलं. या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. लाकडी गाठीचा खळगा त्यांना कळला नसेल, हे शक्यच नव्हतं. त्यांनी मान वर केली, पण सँपलताईकडे पाहिलं नाही. टेबलाकडे पाहत राहिले.

"कंपनीत विचारतो," ते एवढंच म्हणाले. "झाली असेल काही चूक."

नवी शिडीवर होती. ती खाली उतरता उतरता मध्येच थांबली.

सँपलताईला वाटलं, दुसरा कुणीतरी बोलेल. नेहमी कुणीतरी बोलतं. बॅगवाले बॅग बंद करत होते. बॅगेचा एक चाप लागत नव्हता. तो ते पुन्हा पुन्हा दाबत होते.

"नमुना मी ताणला," ती म्हणाली.

"काय?"

"लाकडी पाऊल घालून. आदल्या संध्याकाळी. माझा पाय जात नव्हता त्याच्यात."

धाकटे मालक तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं असावं. पण तोंडातून भलताच प्रश्न आला. "दोन्ही?"

"दोन्ही. एकच ताणला असता तर कळलं असतं."

"आणि माल आल्यावर ताडला कुणी?"

"मीच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"आत हात घातला तेव्हा कळलं." तिने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. "माझा पाय चारचा नाही आता. बरीच वर्षं झाली."

बॅगवाल्यांनी चाप सोडून दिला. "ताई, आधी बोलला असता तर मी तुमच्यासाठी सहाचा आणला असता की."

"सहाचा घालून मी काय तपासणार होते?"

"तपासायला नाही," ते जरा चिडून म्हणाले. "घालायला."

धाकट्या मालकांनी तिला काढलं नाही. वडिलांच्या वेळच्या माणसाला काढायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. बॅगवाल्यांची त्यांनी माफी मागितली. उरलेला माल किंमत उतरवून विकायचा ठरला. आणि नमुने नवी चालून बघेल, हेही त्यांनी त्याच बारीक आवाजात सांगून टाकलं. ते बोलत असताना सँपलताई जाजमाकडे पाहत होती. कडेला सुतं निघाली होती. कुणीतरी कापायला हवी होती.

घरी आल्यावर ती बूट न काढताच टेबलाशी बसली. थोड्या वेळाने नवऱ्याने तपकिरी कागदाचा एक मोठा ताव तिच्या पायाशी पसरला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

"उभी राहा यावर."

"कशाला?"

"संध्याकाळी पाय सगळ्यात मोठा असतो. माप आत्ताच घ्यायचं."

ती उभी राहिली. त्याने दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. उजव्या पायाशी हात जरा हळू झाला. नणंद दारातून बघत होती आणि तिने काहीही टोमणा मारला नाही. सँपलताईला ते जास्त लागलं.

तो कागद बॅगवाल्यांकडे गेला. त्यांनी कुठल्याशा लहान कारखान्यातून एक जोड करवून पाठवला. सहा नंबर, पुढून रुंद, उजवा अंगठ्यापाशी आणखी थोडा रुंद, आत शिवण नाही. दिसायला पावासारखा. नवऱ्याने तो हातात फिरवून पाहिला, शिवण तपासली, परत दिला. त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याचा थोडा विरसच झाला.

"पुरुषी दिसतो," सँपलताई म्हणाली.

"माझ्याकडे बघू नकोस," नणंद म्हणाली. "मी उद्या निघतेय."

पुढच्या खेपेला बॅगवाले आले तेव्हा नवी जाजमावर चालली. पहिला जोड छान, दुसरा छान, तिसराही छान. "सगळेच छान कसे?" धाकट्या मालकांनी विचारलं. "मला सगळेच होतात," नवी म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिच्या पायाला अजून कशानेच काही केलेलं नव्हतं. धाकट्या मालकांनी कपाळ चोळलं आणि अंदाजाने दोन मागवले. सँपलताई तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंना सपाता दाखवत होती. तिने मान वळवली नाही. म्हाताऱ्या बाईंना मात्र तिने पाच जोड एकामागून एक नाही म्हणून परत ठेवायला लावले.

महिन्याभराने एक बाई आल्या. नीटनेटक्या, घाईत. अंदाजाने मागवलेल्या दोनांपैकी निमुळत्या टोकाचा जोड त्यांनी काचेतून दाखवला. बुटक्या स्टुलावर पाय ठेवता ठेवता त्यांचं लक्ष सँपलताईच्या बुटांकडे गेलं.

"हे आजारी माणसांचे असतात ना?"

"नाही. बरं झालेल्यांचे."

"असं होय." बाईंना त्यात रस नव्हता. "मला चार द्या."

सँपलताईने त्यांच्या पायाकडे पाहिलं. साडेपाच, पुढून पसरलेला, अंगठा आत वळायला लागलेला. तिने नवीकडून चार मागवला, कारण गिऱ्हाइकाने चार मागितला होता. शिंगट्याने पाय आत गेला. बाई जाजमावर दारापर्यंत जाऊन आल्या. परत येताना तोंड मिटलेलं होतं.

"नापास," सँपलताई म्हणाली.

"काय?"

"इथे चावणार तुम्हाला. साडेपाच बघा. रुंद हवा असेल तर मागवून देते. मला दिलाय बॅगवाल्यांनी."

"छे! चारच माझा. नेहमी चारच घेते." बाईंनी आरशात पाय तिरका करून पाहिला. जोड दिसत होता सुंदर, त्यात वाद नव्हता. "थोडे ताणून मिळतात ना तुमच्याकडे?"

"मिळतात."

"आणि ताणल्यावर नंबर बदलत नाही ना?"

सँपलताईने जोड उलटा करून तळव्यावरचा आकडा त्यांना दाखवला.

"नाही," ती म्हणाली. "तो छापलेला असतो. परवा संध्याकाळी या. सकाळी नको, पाय लहान असतो."